विश्लेषण : जपानी सांकेतिक भाषा तैवानमध्ये कळते, मग चीनमध्ये का नाही?

कर्णबधिर खेळाडूंची ‘डेफलिंपिक्स’ ही स्पर्धा नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रथमच जपानमध्ये, टोक्योत झाली. भारतीय नेमबाजांनी तिथे पदकांची लयलूट केली, त्यामुळे आपल्याकडेही स्पर्धेची चर्चा झाली. त्याच्या काही महिने आधी, जून २०२५ मध्ये जपानच्या संसदेने सांकेतिक भाषेविषयीचा स्वतंत्र कायदा मंजूर केला होता. या दोन घटनांमुळे जपानी सांकेतिक भाषा बातम्यांत आली. ही भाषा तैवान आणि दक्षिण कोरियातील कर्णबधिरांना बरीच ओळखीची वाटते. शेजारच्या चीनमधील कर्णबधिरांना मात्र ती परकी आहे. असे का, याचे उत्तर शाळा, शिक्षक आणि त्यांच्या बदल्यांच्या इतिहासात आहे. आणि जपानमध्ये या भाषेवरून आज जो वाद सुरू आहे, तोही शाळेतच आहे.

जगभरात सांकेतिक भाषा एकच नाही?

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की ‘खुणा तर सगळीकडे सारख्याच असणार’ असे सुशिक्षित माणसेही सहज बोलून जातात. जागतिक कर्णबधिर महासंघाच्या म्हणण्यानुसार जगात ३०० हून अधिक सांकेतिक भाषा आहेत. डेफलिंपिक्ससारख्या ठिकाणी ‘आंतरराष्ट्रीय संकेत’ नावाची एक कामचलाऊ पद्धत वापरली जाते, पण ती कुणाची मातृभाषा नाही.

खुणा हाताने होतात, म्हणजे त्या वस्तूचे चित्र असतील आणि चित्र कुणालाही कळेल, असे वाटते. पण चित्र कशाचे काढायचे हेही प्रत्येक समाज आपापले ठरवतो. जपानी सांकेतिक भाषेत ‘जेवणे’ म्हणताना एका तळव्याची वाटी होते आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे चॉपस्टिक होतात. ‘पांढरा’ म्हणजे दातांकडे बोट, ‘लाल’ म्हणजे ओठांकडे, ‘काळा’ म्हणजे केसांकडे. ‘धन्यवाद’ म्हणताना एका हाताच्या पालथ्या बाजूवरून दुसरा हात उभा वर उचलला जातो. सुमो पैलवान बक्षीस स्वीकारताना हाताने जी क्रिया करतो, तिच्याशी या खुणेचे नाते सांगितले जाते. सुमो माहीत नसलेल्या माणसाला या खुणेतून काहीच उमगणार नाही.

अंगठा म्हणजे पुरुष आणि करंगळी म्हणजे स्त्री. (मराठी शाळेत शिकलेल्यांना करंगळीचा एकच अर्थ ठाऊक असतो, तो इथे विसरावा.) अंगठा आणि करंगळी जवळ आणली की लग्न, दूर नेली की घटस्फोट. मधले बोट वर केले की थोरला भाऊ, खाली आणले की धाकटा. बहिणींसाठी हेच करंगळीने. अमेरिकी पर्यटकाचा ‘थोरला भाऊ’ पाहून काय समज होईल, हे सांगायला नको.

आडनावांच्या खुणा तर इतिहासाच्या पुस्तकातून आल्या आहेत. ‘सासाकी’ हे आडनाव सांगताना पाठीवरची तलवार उपसल्याचा अभिनय करतात, कारण कोजिरो सासाकी हा प्रसिद्ध तलवारबाज होता. ‘कातो’ म्हणजे भाला खुपसणे, कारण कियोमासा कातो हा सरदार भाल्यासाठी ओळखला जातो. आपल्याकडे ‘मालुसरे’ म्हणताना कुणी ढाल-तलवार दाखवावी, तसे.

मग ती जपानी भाषेचेच हातांनी केलेले रूप आहे का?

इथेच बहुतेकांची गल्लत होते आणि जपानमधला सगळा वादही इथूनच सुरू होतो. जपानमध्ये हाताने बोलण्याच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे ‘निहोन शुवा’, अर्थात जपानी सांकेतिक भाषा. ती कर्णबधिरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या घडलेली, स्वतःचे व्याकरण असलेली भाषा आहे. दुसरी म्हणजे बोललेल्या जपानी वाक्यातील शब्द त्याच क्रमाने, तोंडाने बोलता बोलता हातांनी दाखवत जाणे. हिला ‘जपानीबरहुकूम संकेत’ म्हणता येईल. दोन्हींत खुणा बऱ्याच सारख्या असतात, त्यामुळे ऐकू येणाऱ्या माणसाला फरक दिसत नाही.

फरक किती आहे? मराठी वाक्याच्या सांगाड्यात इंग्रजी शब्द बसवून कुणी ‘आय यू टू बुक गेव्ह’ म्हणाले, तर मराठी-इंग्रजी दोन्ही येणाऱ्याला अर्थ लागेल. पण ते इंग्रजी नव्हे. आणि ज्याला मराठी येतच नाही, त्याला तर तो निव्वळ गोंधळ वाटेल. जन्मापासून जपानी न ऐकलेल्या मुलासमोर जपानीबरहुकूम संकेत केले जातात, तेव्हा त्याची अवस्था काहीशी अशी होते.

बोललेल्या जपानीत मराठीतील विभक्ती प्रत्ययांसारखे ‘वा’, ‘गा’, ‘ओ’, ‘नि’ असे छोटे शब्द नामांमागे लागतात. कोणी कोणाला काय केले, हे त्यांवरून कळते. जपानी सांकेतिक भाषेत हे काम बऱ्याच क्रियापदांची दिशाच करते. ‘सांगणे’ ही खूण माझ्याकडून तुमच्याकडे गेली की मी तुम्हाला सांगितले, तुमच्याकडून माझ्याकडे आली की तुम्ही मला. समोरच्या जागेत एक माणूस डावीकडे आणि एक उजवीकडे ‘ठेवला’ की पुढच्या दहा वाक्यांत त्यांची नावे घ्यावी लागत नाहीत.

व्याकरणाचा मोठा भाग चेहऱ्यावर असतो. भुवया उंचावून हनुवटी किंचित आत घेतली की तेच विधान ‘हो-नाही’ प्रश्न बनते. ‘कोण’, ‘काय’, ‘कुठे’ असा प्रश्न असेल तर डोके दोन्ही बाजूंना बारीक हलते. आपल्या डोळ्यांना तो नकार वाटतो. क्रिया पूर्ण झाली हे सांगताना हातांच्या खुणेसोबत ओठ ‘पा’ असे उघडतात. तोंडाची ही हालचाल कोणत्याही जपानी शब्दाचा उच्चार नाही. वाक्यरचनेतही एक खास ढब आहे. ‘माझा जन्म ओसाकात झाला’ हे ‘मी – जन्म – कुठे – ओसाका’ असे सांगता येते. मधले ‘कुठे’ हा प्रश्न नाही. भुवया वर करून पुढे येणाऱ्या माहितीसाठी ऐकणाऱ्याला (खरे तर पाहणाऱ्याला) सावध करण्याची ती रीत आहे. बोललेल्या जपानीत असे कुणी बोलत नाही.

या भाषेची सुरुवात कुठे झाली?

कर्णबधिर माणसे सर्वच काळात होती. पण सांकेतिक भाषा घडायला अशी अनेक माणसे एकत्र यावी लागतात. कर्णबधिर मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. म्हणजे ही भाषा सहसा आईकडून मुलाला मिळत नाही. ती मुलाकडून मुलाला मिळते आणि मुले एकत्र येतात शाळेत. या एका गोष्टीमुळे सांकेतिक भाषांची घराणी बोलीभाषांच्या घराण्यांशी जुळत नाहीत. त्यांची वंशावळ पाहायची तर शाळांची हजेरीपुस्तके चाळावी लागतात.

जपानमधील अशी पहिली शाळा १८७८ मध्ये क्योटोत सुरू झाली. ताशिरो फुरुकावा हे तिचे प्रवर्तक. अंध आणि कर्णबधिर अशा दोन्ही मुलांसाठी ती होती आणि फुरुकावा यांनी शिकवताना हातवाऱ्यांचा पद्धतशीर उपयोग केला. या शाळेची जुनी कागदपत्रे आणि शैक्षणिक साधने २०१८ मध्ये जपान सरकारने महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून नोंदवली. क्योटोपाठोपाठ टोक्योत आणि मग ओसाकात शाळा निघाल्या. घरोघरी, गावोगावी एकेकटी असलेली मुले वसतिगृहांत एकत्र आली आणि तिथे ही भाषा वाढली. टोक्यो आणि ओसाकाच्या खुणांत फरक राहिला आणि पुढे हाच फरक समुद्रापार गेला.

तैवान आणि कोरियाशी नाते कसे जुळले?

तैवान १८९५ ते १९४५ आणि कोरिया १९१० ते १९४५ या काळात जपानच्या ताब्यात होते. या काळात वसाहती सरकारच्या छत्राखाली तिथे कर्णबधिरांचे शिक्षण उभे राहिले. कोरियात सेऊलमध्ये १९१३ मध्ये गव्हर्नर-जनरलच्या प्रशासनाने अंध आणि कर्णबधिरांची शाळा काढली. तैवानमध्ये दक्षिणेकडील ताइनान आणि उत्तरेकडील तैपेई येथील शाळा महत्त्वाच्या ठरल्या. ताइनानची मुळे स्कॉटिश मिशनरी विल्यम कॅम्पबेल यांनी १८९१ मध्ये अंधांसाठी सुरू केलेल्या शाळेत आहेत. तिथे कर्णबधिर मुले नंतर, जपानी अमलात आली.

या शाळांत शिकवायला शिक्षक जपानमधून गेले. तैवानी सांकेतिक भाषेच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे, की ताइनानला गेलेले शिक्षक ओसाकाकडचे होते आणि तैपेईला गेलेले टोक्योकडचे. परिणाम असा, की युद्धानंतरही ताइनान आणि तैपेईच्या कर्णबधिरांच्या खुणांत जो फरक राहिला, त्यात ओसाका आणि टोक्योचा फरक उमटलेला होता. शंभर वर्षांपूर्वी कोणत्या शिक्षकाची बदली कुठे झाली, हे तैवानमधल्या वृद्ध कर्णबधिरांच्या हातांवर वाचता येत होते.

१९४५ नंतर तिन्ही भाषा वेगळ्या वाटेने गेल्या. १९४९ नंतर चीनच्या मुख्य भूमीवरून तैवानमध्ये आलेल्या कर्णबधिर शिक्षकांनी चिनी खुणा आणल्या. दक्षिणेकडील काओशुंगमधील एका खासगी शाळेभोवती त्यांचा प्रभाव वाढला. कोरियात नव्या खुणा घडल्या, जुन्या बदलल्या. तरी अंगठा-पुरुष आणि करंगळी-स्त्री ही जोडी तिन्ही भाषांत आजही आहे. जपानी आणि तैवानी सांकेतिक भाषांत सुमारे ६० टक्के शब्दसाम्य असल्याचा अंदाज सांगितला जातो. यातून दोन तरुण लगेच गप्पा मारू लागतील असे नाही. मराठी माणूस कोकणी ऐकताना अर्धे पकडतो, अर्धे सुटते, साधारण तशी स्थिती. भाषाशास्त्रज्ञ या तिघींना मिळून ‘जपानी सांकेतिक भाषाकुल’ म्हणतात.

यातला विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. तैवानमध्ये ऐकू येणारी माणसे मँडरिन आणि होक्कियन बोलतात. या चिनी कुळातल्या भाषा असून जपानीशी त्यांचे नाते नाही. चीनमधील माणसाशी तैवानी माणूस सहज बोलू शकतो, जपानी माणसाशी नाही. दोन्हीकडच्या कर्णबधिरांचे नेमके उलट आहे. कोरियाचे तर त्याहून विचित्र. जपानी सत्तेने तिथे कोरियाई भाषेची गळचेपी केली, तो राग आजही राजकारणात पेटतो. पण कर्णबधिर कोरियाई माणसाच्या रोजच्या भाषेची पाळेमुळेच त्या काळातल्या शाळांत आहेत आणि ती आज अभिमानाने ‘कोरियाई सांकेतिक भाषा’ आहे. दक्षिण कोरियाने तिला स्वतंत्र कायद्याने मान्यता दिली, तो कायदा ऑगस्ट २०१६ पासून लागू आहे. तैवानने २०१९ च्या राष्ट्रीय भाषा कायद्यात आपल्या सांकेतिक भाषेला राष्ट्रीय भाषांमध्ये स्थान दिले. म्हणजे या कुळातल्या दोन्ही धाकट्यांना कायदा आधी मिळाला, थोरलीला २०२५ मध्ये.

असे इतरत्रही घडले आहे का?

घडले आहे, आणि सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे. १८१७ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डला शाळा सुरू झाली, तेव्हा पॅरिसहून लॉरां क्लेर हा कर्णबधिर शिक्षक तिथे गेला. त्यामुळे अमेरिकी सांकेतिक भाषा फ्रेंच सांकेतिक भाषेच्या जवळची आहे. ब्रिटिश सांकेतिक भाषेशी तिचे जमत नाही, इंग्रजी दोन्हीकडे असूनही. लंडन आणि न्यूयॉर्कचे दोन कर्णबधिर एकमेकांशी लिहून बोलतील, हातांनी बोलताना अडखळतील. ब्रिटिश भाषेची बहीण सापडते ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये.

मात्र दोन खुणा सारख्या दिसल्या म्हणजे नाते सिद्ध होत नाही. जपानी आणि चिनी दोन्ही सांकेतिक भाषांत ‘माणूस’ या अर्थाची खूण त्याच्या लिपीचिन्हाच्या आकारावरून करतात. कारण लिपी सामायिक आहे. तीन बोटे खाली ओढली की ‘नदी’. ते चिन्हच तीन उभ्या रेघांचे आहे. दोन्ही हातांची तीन-तीन बोटे एकमेकांवर आडवी-उभी ठेवली की ‘शेत’, म्हणून ‘तानाका’ किंवा ‘यामादा’ अशा आडनावांत ही खूण येते. अशा खुणा मोजून नाते काढले तर चूक होईल. नाते शोधताना ज्या खुणांना दिसण्याचा आधार नाही, जिथे योगायोग संभवत नाही, अशा खुणा पाहाव्या लागतात. मधले बोट म्हणजे भाऊ, हे दोन देशांत आपसूक सुचणे अवघड.

बोटांच्या मुळाक्षरांचा भारताशी काय संबंध?

नवीन शब्द, परकी नावे दाखवण्यासाठी जपानी सांकेतिक भाषेत बोटांची मुळाक्षरे आहेत. ती ओसाका महापालिकेच्या कर्णबधिर शाळेतील गेन्सुके ओसोने यांनी अमेरिका भेटीनंतर, १९३१ मध्ये तयार केली. यात मजेशीर सरमिसळ आहे. अ, इ, उ, ए, ओ आणि का, सा, ना, मा, या, रा, वा यांसाठी अमेरिकी हातखुणा जवळपास तशाच घेतल्या. ‘कि’साठी मात्र बोटांचा कोल्हा होतो, कारण कोल्हा म्हणजे ‘कित्सुने’. ‘कु’ म्हणजे नऊ, म्हणून नऊची खूण. ‘मु’ म्हणजे सहा, म्हणून सहाची. ‘नो’ आणि ‘रि’ ही अक्षरे काताकाना लिपीतील आकार हवेत गिरवून दाखवतात.

अ-का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा हा जपानी वर्णक्रम मराठी कानाला उगाच ओळखीचा वाटत नाही. बौद्ध भिक्खूंच्या संस्कृत अभ्यासातून तो जपानमध्ये रुजला. आपल्या वर्णमालेचाच क्रम, काही वर्ण गाळून. टोक्योतील कर्णबधिर मूल बोटांची मुळाक्षरे पाठ करते, त्यात अमेरिकी हात, जपानी कोल्हा आणि संस्कृतचा क्रम असे तिन्ही असते. भारताशी या भाषेचा संबंध एवढाच. भारतीय सांकेतिक भाषा वेगळ्या कुळातली आहे. पाकिस्तानातील सांकेतिक भाषा तिच्या इतकी जवळची आहे की बरेच अभ्यासक दोन्हींना एकच भाषा मानतात आणि दोन्ही हातांनी दाखवायची इंग्रजी मुळाक्षरे ब्रिटिश वळणाची आहेत.

ओसोने यांची अक्षरे तैवान-कोरियात टिकली नाहीत. कोरियाने हांगुल अक्षरांच्या आकारावरून स्वतःची बोटाक्षरे घडवली. तैवानमध्ये चिनी लिपीचिन्हे गिरवणेच पुरेसे ठरले.

शाळांनीच या भाषेवर बंदी का घातली?

१८८० मध्ये इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद झाली. त्यात जवळपास सगळे ऐकू येणारे होते. खुणा बंद करून मुलांना ओठ वाचायला आणि आवाज काढून बोलायला शिकवावे, असा ठराव तिथे झाला आणि पुढची शंभर वर्षे त्याने जगभरचे वर्ग चालवले. जपानमध्ये ही लाट १९२० च्या सुमारास आली. टोक्योत राहणाऱ्या रायशावर या अमेरिकी मिशनरी दाम्पत्याने आपल्या मुलीच्या बहिरेपणामुळे या पद्धतीत लक्ष घातले आणि १९२० मध्ये मौखिक पद्धतीची शाळा काढली. हेतू वाईट नव्हता. बोलता आले तर मूल समाजात मिसळेल, असे आईबापांना मनापासून वाटत होते आणि आजही वाटते.

१९३३ मध्ये देशभरातील मुख्याध्यापकांच्या बैठकीत तेव्हाचे शिक्षणमंत्री इचिरो हातोयामा (पुढे पंतप्रधान) यांनी मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला. त्याच बैठकीत ओसाका महापालिका शाळेचे मुख्याध्यापक कियोशी ताकाहाशी खुणांच्या बाजूने उभे राहिले. प्रत्येक मूल बोलायला शिकेलच असे नाही आणि जे शिकणार नाही त्याच्या हातातली भाषाही काढून घ्यायची का, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांची शाळा अपवाद राहिली. इतरत्र वर्गात हात बांधल्यासारखी शिस्त आली. भाषा मात्र संपली नाही. ती मधल्या सुट्टीत, वसतिगृहात, रात्रीच्या दिव्याखाली मोठ्या मुलांकडून लहान मुलांकडे जात राहिली.

कायद्याचीही दृष्टी तशीच होती. नागरी संहितेत कर्णबधिर आणि मूक व्यक्तींना व्यवहारास अंशतः अपात्र ठरवू शकणारी तरतूद १९७९ पर्यंत होती. १९४८ ते १९९६ या काळातील वंशशुद्धीच्या कायद्याखाली ज्यांच्यावर सक्तीने नसबंदी झाली, त्यांत कर्णबधिर दाम्पत्येही होती. हा कायदा घटनाबाह्य असल्याचा निकाल जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला, तो ३ जुलै २०२४ रोजी.

१९९५ मध्ये हारुमी किमुरा आणि यासुहिरो इचिदा यांनी ‘बधिर संस्कृतीचा जाहीरनामा’ प्रसिद्ध केला. कर्णबधिर म्हणजे कानात दोष असलेली माणसे नव्हेत, तर वेगळी भाषा बोलणारा अल्पसंख्य समाज, ही त्यातली भूमिका. तिने खळबळ उडाली, आणि ती केवळ ऐकू येणाऱ्यांमध्ये नाही. नंतर ऐकणे गेलेले, यंत्र लावून थोडे ऐकणारे, जपानीबरहुकूम संकेत वापरणारे अनेक जण दुखावले गेले. आपली खूण ‘खरी’ नाही, असे कुणी म्हटले तर कोणाला आवडेल? हाताने बोलणाऱ्यांची अशी वाटणी करू नये, असा कल १९४७ पासून काम करणाऱ्या राष्ट्रीय महासंघाचा राहिला आहे. दोन्ही बाजूंना आपापले तर्क आहेत. पण पाच वर्षांच्या मुलासाठी हा वाद तात्त्विक नाही. त्याला पूर्ण भाषा मिळते की तुकडे, हे त्यातून ठरते.

जपानमध्ये तरी एकच सांकेतिक भाषा आहे का?

तेही नाही. एहिमे प्रांतातील ओशिमा बेटावर मियाकुबो या मासेमारीच्या गावात स्वतंत्र सांकेतिक भाषा घडली. गावात कर्णबधिर अधिक, म्हणून ऐकू येणारे शेजारीही ती वापरत. अंक आणि काळ दाखवण्याची तिची पद्धत जपानी सांकेतिक भाषेहून वेगळी आहे. दक्षिणेकडील अमामी ओशिमा बेटावरही वेगळ्या खुणांची नोंद झाली. अशा भाषा शाळेवाचून घडल्या. मुले बाहेरच्या शाळेत गेली की त्या विझू लागतात.

मग एखादे यंत्र हे सगळे भाषांतरित करू शकणार नाही का?

आपल्याकडे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनात ‘खुणांचे आवाजात रूपांतर करणारा हातमोजा’ दरवर्षी एका तरी टेबलावर असतोच. सेन्सर बोटांचा वाक मोजतात, स्पीकर बोलतो, परीक्षक टाळ्या वाजवतात. अडचण ही, की भुवया हातमोजात मावत नाहीत. प्रश्न, नकार, ‘कुठे’चा खरा की सूचक अर्थ, हे सगळे चेहरा, मान आणि समोरच्या जागेत असते. जपानमध्ये आता कॅमेऱ्यावर आधारित प्रयत्न सुरू आहेत. निप्पॉन फाउंडेशन, हाँगकाँगचे चायनीज विद्यापीठ, क्वान्सेई गाकुइन विद्यापीठ आणि गूगल यांनी २०२१ मध्ये ‘साइनटाउन’ हा खेळ आणला. त्यात ब्राउझरसमोर खूण करून दाखवावी लागते. सुटी खूण ओळखणे जमते, वाहते संभाषण ही दूरची गोष्ट. या भाषेला रूढ लिपी नाही, त्यामुळे यंत्राला शिकवण्याइतका मजकूर इंटरनेटवर आयता पडलेला नाही. एकेक चित्रफीत जाणकार माणसाने बसून उकलावी लागते.

लोकप्रियता मात्र वाढली आहे. ‘अ सायलेंट व्हॉइस’ हा २०१६ चा अ‍ॅनिमे चित्रपट भारतातल्या तरुणांनीही पाहिला. त्यातली कर्णबधिर नायिका आवाज काढून ‘सुकी’ (तू आवडतोस) म्हणते आणि नायकाला ते ‘त्सुकी’ (चंद्र) ऐकू येते. मौखिक पद्धतीची मर्यादा त्या एका प्रसंगात कळते. २०२२ च्या ‘सायलेंट’ या मालिकेनंतर जपानमध्ये सांकेतिक भाषेविषयीचे कुतूहल आणखी वाढले.

नवा कायदा काय सांगतो आणि वाद कुठे अडला आहे?

तोत्तोरी प्रांताने २०१३ मध्ये सांकेतिक भाषेसाठी देशातील पहिला प्रांतिक नियम केला. त्यानंतर शेकडो स्थानिक संस्थांनी तसे नियम केले. जून २०२५ च्या राष्ट्रीय कायद्याने सांकेतिक भाषा शिकणे, वापरणे आणि तिचा वारसा पुढे नेणे यासाठी सरकारला जबाबदार धरले आणि २३ सप्टेंबर हा ‘सांकेतिक भाषा दिन’ ठरवला. मात्र ‘सांकेतिक भाषा’ या एका शब्दाखाली दोन्ही पद्धती सामावल्या, तर शाळेत नेमकी कोणती मिळणार, हे सरकारी परिपत्रकांवर अवलंबून राहते.

हा प्रश्न कायद्याच्या आधीच न्यायालयात गेला होता. होक्काइडोतील साप्पोरो येथे कर्णबधिर शाळेतील विद्यार्थ्यांनी २०२१ मध्ये प्रांतिक सरकारवर दावा लावला. जपानी सांकेतिक भाषा उत्तम येणारे शिक्षक गेले आणि त्यांच्या जागी ती पुरेशी न येणारे शिक्षक वर्गावर आले, त्यामुळे शिकता येत नाही, अशी तक्रार होती. साप्पोरो जिल्हा न्यायालयाने मे २०२४ मध्ये दावा फेटाळला. याच भाषेतून शिकण्याचा ठोस अधिकार राज्यघटना देत नाही आणि इतर साधने जोडीला घेऊन ठरावीक दर्जाचे शिक्षण देता येते, असा निकालाचा आशय होता.

टोक्योत शिनागावा येथे २००८ मध्ये सुरू झालेली मेइसेई गाकुएन ही खासगी शाळा जपानी सांकेतिक भाषा आणि लिखित जपानी अशी द्विभाषिक पद्धत चालवते. सरकारी शाळांची घडी वेगळी आहे. तिथल्या शिक्षकाकडे विशेष शिक्षणाचा परवाना अपेक्षित असतो, पण त्या परवान्यासाठी जपानी सांकेतिक भाषा येण्याची अट नाही. शिक्षकांच्या बदल्या प्रांतभर होतात. खुणा शिकायला दोन-तीन वर्षे घातलेला शिक्षक ती नीट येऊ लागते त्या सुमारास दुसऱ्या शाळेत जातो, आणि नवा आलेला माणूस ‘शुभ सकाळ’च्या खुणेपासून सुरुवात करतो : मूठ कानशिलाजवळून खाली, जणू उशी बाजूला सारली.